दोन नंबरचा रिमोट

आमच्या व्हिडिओ गेमला दोन रिमोट होते. एक नंबरच्या रिमोटला मधोमध दोन रबरी बटणं होती, सिलेक्ट आणि स्टार्ट. दोन नंबरच्या रिमोटला त्या जागी काहीच नव्हतं, नुसतं सपाट प्लास्टिक. एक नंबरचा दादाचा, दोन नंबरचा माझा. कोणता गेम लावायचा, कधी सुरू करायचा, मधेच पाणी प्यायला थांबायचं की नाही, सगळा कारभार दादाच्या अंगठ्याखाली. मी आपली शेजारी मांडी घालून हजर.

यंदाच्या मे महिन्यात दादाला पंचेचाळीस पूर्ण झाली. मी सुट्टीला माहेरी परभणीत होतेच, तर त्याच व्हिडिओ गेमच्या आकाराचा केक करायचा असं ठरवलं. ठरवताना मनात निव्वळ प्रेम होतं, असं मी वहिनीला तरी सांगितलं.

गेम घरात आला १९९६ च्या जूनमध्ये, दादाच्या दहावीच्या निकालावर. बाबा हैदराबादला एका लग्नाला गेले होते. आमच्या पिढीच्या परभणीला मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं. मोठा दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, पाय तिकडेच वळायचे. कोठीच्या गुजराती गल्लीत घासाघीस करून बाबांनी ते खोकं साडेसातशेला आणलं आणि पुढचे दोन महिने घरात कुणीही काहीही मागितलं की त्या साडेसातशेचा उद्धार व्हायचा. खोक्यावर इंग्रजीत एक जपानी वाटेल असं नाव होतं. ते बनवलं कुणी आणि कुठे, याबद्दल मात्र खोकं मौन पाळून होतं.

मूळ यंत्र निन्टेंडो या जपानी कंपनीचं, फॅमिकॉम. जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला ते विक्रीला आलं, किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा नावाच्या इंजिनिअरने ते घडवलं: साईच्या रंगाचं अंग, त्यावर मरून रंगाचे भाग, दोन्ही बाजूंना रिमोट ठेवायला खाचा आणि रिमोटच्या वायरी थेट यंत्राच्या पोटातून निघालेल्या. पुढे त्याच्या इतक्या नकला निघाल्या की आमच्यासारख्या गावांत अस्सल कुणी बघितलंच नाही. आमच्याकडे आला तो त्याचा मावसभाऊ. म्हणजे माल दोन नंबरचा, आणि त्यातला दोन नंबरचा रिमोट माझ्या नशिबी.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दोन नंबरला स्टार्ट नसणं ही नक्कल करणाऱ्याची काटकसर नव्हती. अस्सल फॅमिकॉमलाही दोन नंबरवर स्टार्ट-सिलेक्ट नव्हतंच. त्याऐवजी तिथे एक छोटा माइक होता. म्हणजे जपानातल्या धाकट्या बहिणींना निदान बोलायची तरी सोय होती. आमच्या मावसभावाने तो माइकही गाळला.

केकसाठी आधी माप घ्यायचं होतं. माळ्यावरून खोकं उतरवलं. अडॅप्टर गंजलेला, एका रिमोटची वायर उंदराने खाल्लेली, पण अंग शाबूत. बाबांची जुनी स्टीलची पट्टी लावली: लांबी २२ सेंटिमीटर, रुंदी १५, उंची ६. इतका आटोपशीर जीव असेल असं वाटलं नव्हतं. अकराव्या वर्षी तो मला हार्मोनियमएवढा आठवत होता. म्हटलं, मग मोठा-बिटा कशाला, अगदी त्याच्या मापाचाच केक करू.

आता अडचण अशी की माहेरचा ओव्हन गोल. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला, ज्यात आईने आमच्या लहानपणी दर दिवाळीला नानकटाई केली तो. त्यातला डबाही गोल, २५ सेंटिमीटर व्यासाचा. वर्तुळात बसणाऱ्या सगळ्यात मोठ्या चौरसाचा कर्ण म्हणजे त्या वर्तुळाचा व्यास, हे आठवीत पाठ केलं होतं. कागदावर मांडलं तर बाजू आली १७.७. मला हवे होते २२. म्हणजे एका केकमधून भागणार नाही. दुसरा केक करून त्यातली सव्वाचार सेंटिमीटरची पट्टी जोडायची, उरल्यातून रिमोट आणि यंत्रात खोचायची गेमची कॅसेट काढायची. पायथागोरसचा मला आयुष्यात झालेला हा पहिला खाण्याजोगा उपयोग.

वाढदिवस आला गुरुवारी, त्यामुळे अंडं बाद. दही आणि खाण्याच्या सोड्यावर भागवायचं. दह्याचा आंबटपणा सोड्याला भेटला की लगेच बुडबुडे सुटतात, त्यामुळे मिश्रण कालवलं की फोनवर बोलत बसायचं नाही, सरळ डब्यात ओतायचं. पहिल्या केकच्या वेळी नेमका मावशीचा फोन आला. तो केक मधोमध असा बसला की त्यात तुळस लावता आली असती. आपल्याकडे म्हण आहेच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. तो भाचीने दुधात कुस्करून खाल्ला आणि मी पुन्हा पीठ चाळायला घेतलं.

बिनअंड्याचा केक कापताना फार भुगा होतो. म्हणून दोन्ही केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले आणि सकाळी ऊन चढायच्या आत, दातेरी सुरीने, एकेका बाजूने करवत चालवावी तसे कापले. गार केक ऐकतो. कोमट केकशी वाद घालू नये.

एवढं सरळ झालं आणि मग वर काय लावायचं तिथे गाडी अडली. गावात आता केकचं सामान मिळणारी दुकानं आहेत, केकवर लाटून घालायच्या साखरेच्या कणकेची, म्हणजे फाँडंटची पाकिटं मिळतात. पांढरंशुभ्र पाकीट आणलं, मळलं, लाटायला घेतलं. बाहेर पारा त्रेचाळीसला. घरात कूलर सुरू. ज्यांनी मराठवाड्यातला उन्हाळा काढलाय त्यांना सांगायला नको की कूलर हवा गार करतो ती वाळ्याच्या ताट्यांतून पाणी पाजून. फाँडंट म्हणजे जवळपास सगळी साखर, आणि साखर हवेतलं पाणी ओढून घेते. दहा मिनिटांत पोळीला घाम फुटला, वीस मिनिटांत ती पोळपाटाला अशी चिकटली की उलथन्याने खरवडावी लागली. मग कूलर बंद केला. तर केकला लावायला फेटलेलं लोणी-साखर वाडग्यात वितळून आमटी झाली. लोणी पस्तिशीच्या आतच हात टेकतं. कूलर लावावा तर साखर रडते, बंद करावा तर लोणी. मी दोघांच्या मध्ये घामाघूम.

आई दारात कुरडयांचा सोऱ्या धूत होती. तिने हा तमाशा बराच वेळ बघितला.

"काय करायलीस गं ते?"

"केकला वरून झाकायचंय. गुळगुळीत."

"मग काजूकतली लाट की वरून. ही साखर कोण खाणार?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. केकचे एवढे व्हिडिओ पाहून जे सुचलं नाही ते आईला सोऱ्या धुता धुता सुचलं. काजूकतली म्हणजे तरी दुसरं काय, काजूची मऊ, लाटता येणारी कणीकच. कूलर असो-नसो, तिला फारसा फरक पडत नाही. आणि लोण्याऐवजी केकला खाली पातळ थर लावायला घरचा आंब्याचा मुरंबा होता. तो मेमध्ये वितळत नाही, मेमध्येच जन्मतो.

चारशे ग्रॅम काजू, दोनशे ग्रॅम साखर. काजू मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवायचे. सलग फिरवले की तेल सुटतं आणि पिठाचा लगदा होतो. एकदा तेल सुटलं की तो काजू परत पिठावर येत नाही. चाळून घेतलं. साखरेचा एकतारी पाक, त्यात काजूचं पीठ, मंद आचेवर हलवत राहायचं. कढईची कड सुटू लागली की थोडंसं बोटांत घेऊन गोळी वळायची. बोटाला न चिकटता वळली तर झालं. मग तूप लावलेल्या हाताने, चटके सोसत, गरम असतानाच मळायचं. गार झाल्यावर मळायला गेलं तर पोळीला भेगा पडतात. या कामाला आईचाच हात हवा. तिच्या तळव्यांना आता चटके लागतच नाहीत, किंवा लागतात तेव्हा ती सांगत नाही.

लाटायला पोळपाट पुरला नाही. वरचा भाग आणि चारी बाजू मिळून ३४ बाय २७ ची पोळी हवी होती. साबुदाण्याच्या पापड्या घालायचा प्लास्टिकचा कागद गच्चीवरून आणला, धुऊन पुसून ओट्यावर अंथरला, वर दुसरा टाकला आणि मधे तो कोमट गोळा. लाटणं फिरवत गेले तसा तो पसरत गेला, तुकतुकीत, किंचित पिवळट. उचलून केकवर घातला, तळहाताने बाजू दाबल्या, आणि शेजारी ठेवलेल्या खऱ्या यंत्राकडे पाहिलं. रंग तोच. हुबेहूब तोच. जुन्या प्लास्टिकमध्ये आग लवकर धरू नये म्हणून ब्रोमिनवाली रसायनं घालत, आणि उन्हा-उजेडाने असं प्लास्टिक वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं. आमच्या यंत्राला खिडकीतल्या उन्हाने तीस वर्षांत जो रंग आणला, तो काजूकतलीने पाऊण तासात आणला.

मरूनसाठी खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. जास्त कोको घातला तर विटकरी होतो, हे दुसऱ्या गोळ्यावर कळलं. कॅसेट पिवळी हवी होती, ती केशर आंब्याच्या रसाची केली. रस आटवून उरलेल्या काजूत मिसळला. (मराठवाड्याच्या केशरला जीआय मिळालाय, पण घरच्या झाडाच्या केशरला ते माहीत नाही, तो त्याआधीही असाच गोड होता.) वर कोकोने लिहिलं, "९९९९९९९ इन १". तेव्हा कॅसेटवर असंच असायचं. नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम, आणि आत मोजून वीसेक, तेच तेच पुन्हा वेगळ्या नावाने. दादा आणि मी एका दुपारी यादी खाली सरकवत शेवटच्या गेमपर्यंत जायचं ठरवलं होतं. लाइट गेली तेव्हा आम्ही चारशेच्या घरात होतो.

रिमोटच्या वायरी हा शेवटचा पेच. कोको घातलेला काळा गोळा हातानं वळला तर दोरखंड होत होता. मग कुरडयांचाच सोऱ्या घेतला, शेवेची ताटली बसवली आणि दाबलं. ओळीने काळ्या वायरी बाहेर आल्या. चार तुटल्या, दोन टिकल्या. मला दोनच हव्या होत्या. खऱ्या वायरीही अशाच आखूड होत्या, त्यामुळे टीव्हीच्या काचेला नाक लावूनच खेळावं लागायचं. टीव्हीही आपल्याच भागातला, चितेगावच्या कारखान्यातला व्हिडिओकॉन. त्याच्या काचेवर आमच्या नाकांचे ठसे असत.

मारिओत दोघांनी एकदम खेळायची सोय नव्हती. एक नंबर मेला की दोन नंबरची पाळी. दादा मरायचाच नाही. मग मी शेजारी बसून मनापासून वाट बघायची. "मर ना दादा." "आता मर, लवकर मर." ऐन दिवेलागणीला, देवापुढे समई लावताना आईच्या कानावर हे पडायचं. "तिन्हीसांजेला काय वंगाळ बोलायलीस गं?" तिला समजावून सांगितलं, मरायला तीन चान्स असतात. तिने व्हिडिओ गेमची पिन काढून ठेवली.

कॉन्ट्रामध्ये बरं होतं, तिथे दोघं एकाच वेळी. पण तिसऱ्या भागात धबधबा आहे. दोघांनी एकेका कड्यावर उड्या मारत वर चढायचं. पडदा वर सरकतो तो पुढच्याला धरून, आणि खाली राहिलेला पडद्याच्या तळाला गेला की मेला. शत्रू नाही, गोळी नाही, काही नाही. दादा सरसर वर जायचा. मी खाली. मी त्या धबधब्यात जितक्यांदा मेले तितक्यांदा मला एकाही राक्षसाने मारलं नाही, दादाच्या घाईनेच मारलं. आजही एसटी स्टँडवर तो बॅग घेऊन पुढे निघाला की माझ्या पोटात तेच होतं.

कॉन्ट्रात तीस जीव मिळवून देणारं बटणांचं कोडही त्याच्याच हातात. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. कोनामी या गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोटो नावाच्या माणसाने ते १९८६ मध्ये ग्रॅडिअस या गेमसाठी बनवलं, कारण तपासताना तो गेम त्याला स्वतःलाच फार अवघड जात होता. शेवटी दोघं खेळणार असाल तर सिलेक्ट आणि मग स्टार्ट. म्हणजे मला तीस जीव द्यायचे की नाही हे ठरवणारी दोन्ही बटणं एक नंबरवर. दादा कधीकधी सिलेक्ट दाबायला "विसरायचा". कॉन्ट्राच्या हिशेबाने आता त्याचे तीस कधीच संपलेत, वरची पंधरा उधारीवर चाललीत. हे मी केकवर लिहिणार होते. वहिनी म्हणाली, नको.

बटणांना जेम्सच्या गोळ्या, दिशांच्या बटणाला कोकोचा काळा क्रॉस. एक नंबरच्या रिमोटवर मधे सिलेक्ट-स्टार्टचे दोन लांबट दाणे, कलिंगडाच्या बियांएवढे. दोन नंबर तयार झाला. त्याची मधली जागा गुळगुळीत, रिकामी. जशी होती तशी.

ओट्यावर उलुसा काळा गोळा उरला होता. रात्रीचे साडेबारा. घरात सगळे झोपलेले. सकाळपासून मी पट्टी लावून काम केलं होतं, मापात एक मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, पट्ट्यांची रुंदीसुद्धा खऱ्या यंत्रावरून घेतली होती. तरी तो गोळा उचलला, त्यातून दोन बिया वळल्या आणि दोन नंबरच्या रिमोटवर, बरोबर मध्यभागी, दाबून बसवल्या. मागे सरून बघितलं. चांगल्या दिसत होत्या. फ्रिजचं दार लावून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी दादा आठ वाजता आला. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि खरीप तोंडावर असला की मालकाचा वाढदिवस कापसाच्या पाकिटांच्या मागे उभा राहतो. तो पाय धुऊन बसला आणि लाइट गेली. मेणबत्त्या फुंकायचा प्रश्न आमच्याकडे नसतोच, वाढदिवसाला दिवा विझवायचा नाही असा आईचा दंडक, ओवाळायचं. आई निरांजनाचं ताट आणायला आत गेली, भाचीने मोबाइलचा उजेड धरला आणि मी फ्रिजमधून केक काढून त्याच्यापुढे ठेवला.

दादा काही बोलला नाही. वाकून बघत राहिला. मग हळूच हात पुढे करून त्याने कॅसेट उपसली, उलटी केली, तोंडाजवळ नेली आणि फूऽऽ केलं. चिकटू नये म्हणून मी खाली मिल्क पावडर भुरभुरवली होती ती सगळी वहिनीच्या साडीवर.

"बाबा, तुम्ही त्याला फुंकलं कशाला?" भाचीने विचारलं.

"फुंकल्याशिवाय चालत नाही ते."

मी म्हटलं, फुंकण्याने काही होत नव्हतं, उलट तोंडाच्या वाफेने आतल्या तांब्याच्या पट्ट्या खराब व्हायच्या. काढून परत बसवताना पिना नीट टेकायच्या, म्हणून चालायचं. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गणपतीची मूर्ती मातीची असते असं सांगितलंय. कॅसेट परत खाचेत बसवली. एक नंबरच्या रिमोटवरून बोट फिरवलं, वर वर, खाली खाली, पुटपुटत. मग त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं.

"उजेड इकडे धर गं."

भाचीने धरला. तो आणखी खाली वाकला.

"दोन नंबरला स्टार्ट नसतो."

"माहितेय मला."

"मग हे काय लावलंस?"

"माझा रिमोट आहे. मी काही पण लावीन."

"असं कसं? बाकी सगळं इतकं बरोबर केलंस आणि इथे..." त्याने नखाने पहिलं बटण अलगद उचकटलं, मग दुसरं, आणि दोन्ही तोंडात टाकली. "आता झालं बरोबर."

"अरे, ओवाळायच्या आधीच उष्टं केलंस!" आई निरांजन घेऊन दारात उभी होती.

दादा चावत होता. "काजू आहे का गं हा?" त्याने विचारलं, आणि एक नंबरचा रिमोट ताटातून उचलून आपल्या मांडीवर ठेवला.